आठ मिलिमीटर

लँटी रेल्फचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मदत मागितली. त्याआधी पस्तीस वर्षं हॉथ्रिगच्या मॉडेल रेल्वे क्लबात दर बुधवारी आम्ही एकाच टेबलावर बसत होतो, पण एवढ्या काळात त्याने माझ्याकडून साधी पट्टीसुद्धा मागून घेतली नव्हती. लँटी टपाल वाटायचा. चढ-उताराच्या वाटांनी, कुत्र्यांच्या अंगणांतून, पावसात भिजत चाळीस वर्षं चालला आणि एक दिवस निवृत्त झाला. लग्न केलं नाही. त्याच्या हाताला मात्र देवाने काय दिलं होतं कोण जाणे. साधी सुरी आणि पोलादी पट्टी एवढ्यावर तो नखाएवढ्या खिडक्या कापायचा, त्यात केसाएवढे गज ठेवून.

त्या मार्चमध्ये तो माझ्या दाराशी आला. हातात प्लास्टिकचा पातळ पत्रा होता आणि त्यावर एक फसलेली खिडकी.

"कीथ, तुझ्याकडे ते मशीन आहे ना? बायकांचं, कार्डं कापायचं?"

"ब्रेंडाचं आहे. आता माझंच झालंय म्हण."

"मला शिकव," तो म्हणाला. मग हात खिशात घालून टाकला, मला दिसू नये म्हणून.

ते कटर ब्रेंडाने, म्हणजे माझ्या बायकोने, वाढदिवसाची कार्डं कापायला घेतलं होतं. दिसायला कॉम्प्युटरच्या प्रिंटरसारखंच, फक्त शाईच्या जागी बारीक पातं. चिकट चटईवर पत्रा दाबून बसवायचा, चटई आत सरकवायची, आणि आपण स्क्रीनवर जी रेघ काढली असेल ती पातं पत्र्यावर कापत जातं. मी नोकरीत असताना ट्रॅक्टरच्या कारखान्यात नकाशे काढायचो, त्यामुळे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मला अवघड नव्हतं. लँटीने उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

दर मंगळवारी सकाळी तो यायला लागला. ब्रेंडा चहा आणि ओटची चिकी ठेवून शेजारी निघून जायची. म्हणायची, तुम्ही दोघं खिडक्या मोजत बसा. पहिले दोन मंगळवार लँटी माऊसवर चिडत होता. हात थरथरला की रेघ भलतीकडे उडायची. मग मी त्याला दाखवलं की हाताने काढायची गरजच नाही. रेघ कुठून निघते, कुठे संपते, एवढे आकडे चौकटीत टाकायचे. लाल रेघ म्हणजे आरपार काप, निळी म्हणजे नुसता ओरखडा, फळ्यांच्या सांध्यांसाठी. आधी आतल्या खिडक्या कापायच्या आणि मग बाहेरची कड. नाहीतर तुकडा चटईवरून सुटतो आणि सगळं वाकडं होतं. त्याने एका बोटाने आकडे टाकले, मी बटण दाबलं, आणि सहा गजांची एक खिडकी पत्र्यातून सुटून त्याच्या तळहातावर आली.

बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला.

"माझा हात कापतो," तो म्हणाला, "पण रेघ कापत नाही."

"बरंय ना मग."

"बरं म्हणजे! मला हे दहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस, गाढवा?"

काय बांधायचंय हे त्याने मला तेव्हा सांगितलं. मॉसरिगचं फाटक.

मॉसरिग म्हटल्यावर आमच्या गावातली साठीच्या पुढची माणसं जरा गप्प होतात. खाणीकडून दगड आणणारी एक फाट्याची लाइन होती, ती तिथे रस्ता ओलांडायची. लँटीचे वडील आयझॅक रेल्फ त्या फाटकावर होते. फाटकाशेजारी त्यांची एक खोली, खोलीला मागच्या बाजूने एक खिडकी, आणि खिडकीतून लांबवर सिग्नल. सिग्नलचा हात आडवा असला तर गाडी नाही, कललेला असला तर गाडी येतेय. एकोणीसशे बासष्टच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी आयझॅकनी नॉर्मन फिअरनच्या पावाच्या गाडीसाठी फाटक उघडलं आणि त्याच वेळी खाणीकडून दगडांची गाडी आली. नॉर्मन जागीच गेला. बत्तीस वर्षांचा होता. मागे बायको आणि सात वर्षांची मुलगी, एव्हरिल.

चौकशीत आयझॅकनी सांगितलं की खोलीच्या मागे शरद ऋतूत नवीन लाकडी कोठार उभं केलं होतं आणि त्याच्या आड सिग्नल दिसत नव्हता. चौकशी करणाऱ्या साहेबाने लिहिलं की सिग्नल दिसतो, फाटकवाल्याने बघितलं नाही. आयझॅकची नोकरी गेली. पुढे ते लाकडाच्या वखारीत कामाला लागले आणि नऊ वर्षांनी गेले. पण घरात सगळ्यांनी हेच धरलं होतं की साहेबाने रेल्वेची बाजू सांभाळली, तो खोलीत पाऊल टाकायलाही आला नव्हता. दोन वर्षांत लाइन बंद पडली. खोली, कोठार, सिग्नल सगळं मोडून नेलं. आता खरं-खोटं बघायला जागाच उरली नाही.

हे सगळ्यात जास्त भोगलं ते लँटीच्या मोठ्या बहिणीने, हिल्डाने. तिचं लग्न ठरलं होतं एडविनशी. एडविन म्हणजे नॉर्मन फिअरनचा धाकटा भाऊ. अंगठी झाली होती, इस्टरनंतरची तारीख धरली होती. अपघातानंतर एडविन तिला एकदा नदीवरच्या पुलापाशी भेटला. म्हणाला, 'माझ्या आईसमोर येऊन एकदा फक्त एवढं म्हण, की तुझ्या वडिलांचं चुकलं. मग मी सगळ्यांशी भांडून तुला घेऊन जाईन.' हिल्डा म्हणाली, 'त्यांचं चुकलेलं नाही तर मी कसं म्हणू?' एडविन कॅनडाला निघून गेला. हिल्डाने गावातल्या शाळेत शिवण शिकवलं, आईला सांभाळलं, वडिलांना सांभाळलं, आणि एकटीच राहिली. त्या घराने फिअरनच्या दुकानातला पाव पुन्हा कधी आणला नाही. हिल्डा घरीच भाजायची. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात, चाकाच्या खुर्चीत.

"मी हिल्डाला सांगून टाकलंय," लँटी म्हणाला. "म्हटलं, कीथच्या मशीनवर सगळं मापात कापणार. एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. मग तू खोलीच्या खिडकीतून स्वतः बघ, सिग्नल दिसतो का कोठार दिसतं ते."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, लवकर कर."

लँटीने माप घेण्यात हयगय केली नाही. जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून रेल्वेच्या जमिनीचा जुना नकाशा मिळवला. कोठाराचा एक फोटो कुणाच्या तरी अल्बममध्ये निघाला. आणि मेमध्ये आम्ही दोघं मॉसरिगला गेलो. तिथे आता मेंढ्या चरतात, पण खाजकुयलीसारख्या अंगाला झोंबणाऱ्या झुडपांत खोलीचा चौथरा, कोठाराचा चौथरा आणि सिग्नलच्या खांबाची काँक्रीटची बैठक अजून आहे. मी फितीचं एक टोक धरून उभा राहिलो, तो दुसरं टोक घेऊन चालत गेला आणि आकडे ओरडून सांगत गेला. परत येताना गाडीत तो शीळ घालत होता. पस्तीस वर्षांत त्याची शीळ मी ऐकली नव्हती.

जूनच्या पहिल्या मंगळवारी सगळा नकाशा स्क्रीनवर बसला. खोली, कोठार, रूळ, दोन मीटर चाळीस सेंटिमीटरवर सिग्नल. लँटी खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "खिडकीच्या मधोमध ते सिग्नलपर्यंत एक सरळ रेघ काढता येते?"

"येते की."

मी काढली. हिरवी घेतली, दिसावी म्हणून. ती खिडकीतून निघाली, कोठाराच्या कोपऱ्याजवळून गेली आणि सरळ सिग्नलच्या हातावर जाऊन टेकली.

कोठाराला ती कुठेच शिवली नाही. मधे पाच मिलिमीटरहून जास्त जागा मोकळी होती. म्हणजे सव्वा फूट.

"खिडकीच्या डाव्या कडेवरून काढ," लँटी म्हणाला.

काढली. तीही मोकळी गेली.

"उजव्या."

तीही.

बाहेर ब्रेंडा कुणाशी तरी हसत बोलत होती, ते ऐकू येत होतं. लँटी म्हणाला, "आपण चुकलोय मोजताना." मी हो म्हणालो. त्याच दुपारी आम्ही परत गेलो. या वेळी आम्ही घाई केली नाही. प्रत्येक माप दोनदा घेतलं, एकदा त्याने वाचलं, एकदा मी. आकडे तेच आले. कोठाराच्या चौथऱ्यावर लँटी खाली बसला. एक मेंढी जवळ येऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी फीत गुंडाळत राहिलो. गुंडाळून झाली तरी.

"त्यांनी हिल्डाला बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं," लँटी म्हणाला. "मी दारात उभा होतो. पंधरा वर्षांचा होतो. हिल्डाने विचारलं, बाबा, खरंच दिसत नव्हता? आणि त्यांनी बायबलवर हात ठेवला."

"घाबरले असतील रे."

"घाबरले असतील. पण तिने त्या हातावर एडविनला सोडलं, कीथ."

त्यानंतर तीन मंगळवार तो आला नाही. बुधवारी क्लबातही नाही. चौथ्या मंगळवारी आला, चहा घेतला नाही, सरळ लॅपटॉपपुढे बसला. शिकवलेलं सगळं त्याला येत होतं. एका बोटाने खटखट आकडे टाकले आणि म्हणाला, "ही पायाची पाटी काप. कोठाराची खोबण हिच्यात आहे."

मी स्क्रीनकडे बघितलं. नकाशा काढणाऱ्याची नजर असते. मला लगेच कळलं.

"लँटी, कोठार सरकलंय."

"आठ मिलिमीटर."

"म्हणजे दोन फूट. चौथरा तर तिथे..."

"चौथरा कुठे आहे ते मला माहितीये. मी त्याच्यावर बसलो होतो." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "दर रविवारी जातो तर विचारते, झालं का? आश्रमातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय तिने. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी काय सांगू? की तू पन्नास वर्षं उगाच एकटी राहिलीस? काप."

मी म्हणू शकलो असतो की नाही कापत. मशीन माझं होतं. पण मी पत्रा चटईवर दाबला, चटई आत सरकवली आणि बटण दाबलं. पातं चाललं. काम नेहमीसारखं सुबक झालं.

ऑक्टोबरमध्ये आमच्या क्लबाचं वार्षिक प्रदर्शन असतं, चर्चच्या सभागृहात. वाफाळता चहा, बेकन घातलेले पाव, दारात तिकिटं फाडणारा कुणीतरी. मॉसरिगचं फाटक मधल्या टेबलावर होतं. मी आयुष्यात पुष्कळ मॉडेल्स बघितली आहेत, पण तसं काम दुसरं बघितलेलं नाही. फळ्यांचा प्रत्येक सांधा, गजांच्या खिडक्या, फाटकाच्या पट्ट्या, सगळं कटरवर कापलेलं आणि लँटीच्या थरथरत्या हाताने, कोपर टेबलाला टेकवून, कुंचल्याने पातळ गोंद सोडत चिकटवलेलं. खोलीची पुढची भिंत त्याने काढता येईल अशी ठेवली होती. ती काढून डोळा लावला की मागच्या खिडकीतून पलीकडे दिसायचं.

आश्रमाच्या गाडीतून हिल्डाला आणलं. तिने निळा कोट घातला होता, केस नीट बसवून घेतले होते. लँटीने खुर्ची टेबलाला लावली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, हळूच पुढे वाकली आणि डोळा लावला. आम्ही सगळे थांबलो.

"काळ्या फळ्या," ती म्हणाली. "नुसत्या काळ्या फळ्या दिसतायत." मग जरा वेळाने, "कुठे आहे रे सिग्नल?"

"त्याच्या मागे आहे, हिल्डा."

"त्याच्या मागे." ती मागे टेकली. रडली नाही. तिचा चेहरा मात्र एखाद्या मुलीसारखा झाला. "बघा," ती आजूबाजूच्या लोकांना म्हणाली, "मी सांगत होते ना? बघा की, या, बघा!" आणि लोक खरंच रांग लावून बघायला लागले. वाकायचे, डोळा लावायचे, मान हलवायचे. म्हातारे पर्सी डॉब्सन, आमचे अध्यक्ष, मला कोपराने ढोसून म्हणाले, "मापाचा चषक यालाच द्यायला हवा. अगदी चोख काम." मी चहा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा रांगेत एव्हरिल फिअरन उभी होती.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आता निवृत्त झाली होती. गावात सगळे तिला ओळखतात. रेल्फ मंडळी दिसली की ती रस्ता बदलायची, तिची आई बदलायची तसाच. कुणीतरी तिला सांगितलं असावं. तिची पाळी आली. तिने वाकून डोळा लावला आणि खूप वेळ तशीच राहिली. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. लँटीच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो टेबलाच्या कडेकडे.

एव्हरिल सरळ झाली आणि हिल्डाच्या खुर्चीपाशी गेली. गुडघे दुखत असणार तिचे, पण ती खाली बसली, फरशीवर.

"मी तुमच्या लग्नात फुलं धरणार होते," ती म्हणाली.

"पिवळा झगा शिवला होता मी तुझ्यासाठी," हिल्डा म्हणाली. "तसाच ठेवला होता कितीतरी वर्षं."

"आम्ही तुमचं वाटोळं केलं, काकू."

लहानपणी, लग्न ठरल्यावर, ती हिल्डाला काकू म्हणायला लागली होती. हिल्डाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे वडील गेले होते, बाळ," ती म्हणाली, "तुमचा काय दोष?" दोघी रडत होत्या. सभागृहातले बरेच जण रडत होते. लँटी मागच्या दाराने बाहेर गेला आणि सायकलींच्या शेडपाशी मला सापडला.

"आता सांगतो मी," तो म्हणाला. "आत्ताच जाऊन सांगतो."

"आत्ता नको," मी म्हणालो. हेही माझंच बोलणं.

त्यानंतरचे पाच आठवडे हिल्डाच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते असं आश्रमातल्या बायका सांगतात. एव्हरिल दर शुक्रवारी जायची. लिंबाचा केक न्यायची. दोघी जुने फोटो काढून बसायच्या. एव्हरिलने कॅनडाला फोन लावला आणि एडविनला सांगितलं. तो ऐंशीचा झाला होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका शुक्रवारी तो हिल्डाशी फोनवर बोलला. काय बोलले कुणाला माहीत नाही. हिल्डाने लँटीला एवढंच सांगितलं की त्याचा आवाज बदलला नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ती झोपेत गेली.

अंत्यविधीला एव्हरिल घरच्यांच्या बाकावर, लँटीशेजारी बसली. हिल्डाची तशी इच्छा होती. तिने पिवळी फुलं आणली होती.

पुढच्या सोमवारी लँटीने मला फोन केला. "एव्हरिलकडे जायचंय. गाडी तू चालव, माझा हात फार हलतोय."

"लँटी, आता कशाला? हिल्डा सुखाने गेली."

"हिल्डासाठी केलं होतं. हिल्डा गेली. ती बाई मात्र दर बुधवारी तिच्या आईच्या थडग्यावर जाते."

एव्हरिलने आम्हांला स्वयंपाकघरात बसवलं. केटल चढवली. लँटीने खिशातून नकाशाची छापील प्रत काढली. खरी, हिरव्या रेघेची. टेबलावर पसरली. तो फार साधं बोलला. कोठार इथे होतं, मी ते इथे सरकवलं, सिग्नल दिसत होता. माझ्या वडिलांनी बघितलं नाही आणि नंतर खोटं बोलले. मीही खोटं बोललो.

केटल उकळून बंद झाली. एव्हरिलने कागदावर बोट ठेवलं आणि रेघेवरून सिग्नलपर्यंत नेलं.

"का आलात तुम्ही?" ती म्हणाली.

"तुम्हांला खरं कळायला हवं म्हणून."

"मला खरं माहीत होतं! चोपन्न वर्षं माहीत होतं. सात वर्षांची होते तेव्हापासून मी तुमच्या बापाचा द्वेष केला. मग तुम्ही मला ते खोकं दाखवलंत आणि एका दुपारी सगळं उतरलं. पाच आठवडे मला झोप लागली, रेल्फ. पाच आठवडे! मी आईला जाऊन सांगून आले. म्हटलं, आई, त्याला दिसत नव्हतं गं, सोड आता. तिथे उभी राहून मोठ्याने बोलले, वेड्यासारखी. आता परत जाऊन तिला काय सांगू?"

लँटी नकाशाकडेच बघत होता.

"आणि मी माफी मागितली. मी! फरशीवर बसून, सगळ्या गावासमोर." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणालो. "मीच कापलं ते."

ती उठली आणि मागचं दार उघडून धरलं. थंडी आत आली. लँटी उठला, टोपी हातात घेतली आणि दारात थांबला. "हिल्डाला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्यावर राग धरू नका."

"जा तुम्ही," एव्हरिल म्हणाली. मग आम्ही अंगणाच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "तिच्यावर नाही धरत."

त्या हिवाळ्यात लँटीने क्लबाला पत्र लिहून काय केलं होतं ते कळवलं आणि मिळालेला चषक परत पाठवला. पर्सींनी ते पत्र सभेत वाचून दाखवलं. दोघातिघांनी माझ्याशीही बोलणं कमी केलं, आणि ते बरोबरच आहे. जानेवारीत लँटी एकदा माझ्याकडे आला. आम्ही पायाची पाटी पुन्हा कापली, चौथरा होता तिथेच खोबण ठेवून. कोठार उचलून त्याने तिथे बसवलं. गोंद मला लावावा लागला. मॉडेल आता क्लबाच्या मागच्या खोलीत आहे. त्याने ते पुन्हा प्रदर्शनात ठेवू दिलं नाही.

एव्हरिल मला एप्रिलमध्ये बाजारात भेटली, भाजीच्या गाड्यापाशी. मी बाजूने निघून जात होतो, तिनेच थांबवलं.

"कसा आहे तो?"

"बाहेर पडत नाही फारसा. आता डावा हातही हलतो."

तिने एक कोबी उचलून बघितला, परत ठेवला. "एडविनकाका परवा फोनवर होता. दर रविवारी करतो आता. हिल्डाचंच बोलतो. म्हणतो, ती खरी होती, मीच मूर्ख, पुलावर तसं बोलायला नको होतं." ती थांबली. "म्हातारा रडतो. मी नाही सांगितलं त्याला. तोंडापर्यंत आलं होतं दोनदा. पण मग त्याच्याकडे काय उरेल? नाही सांगितलं."

मी मान हलवली.

"लँटीला जाऊन सांगा," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही, राहू द्या. नका सांगू. माझं मी बघेन."

तिने कोबी घेतला, पैसे दिले आणि चर्चच्या बाजूने चढ चढून गेली. त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. ती अजून लँटीकडे गेलेली नाही. जाईल, असं मला वाटतं. ब्रेंडाला वाटत नाही.